चर्चा: सांधा तोडून पाहिल्याशिवाय गोंदावर भरवसा ठेवावा का?

रंधा_पटाशी (चंद्रपूर)
खुर्ची, पलंग करून दिला की सांधा पक्का आहे की नाही, हे गावात हातानं हलवून ठरवतात. माझं मत सरळ आहे: गोंदाचा नवा डबा किंवा सागाचा नवा लॉट आला की आधी नमुन्याचे पाच सांधे करा आणि तोडा. कुसू, म्हणजे आडव्या पट्टीच्या टोकाची पायाच्या भोकात बसणारी जीभ, ४० मिमी रुंद, १० मिमी जाड, ३५ मिमी लांब. २४ तास वाळू द्या. उभा पाय कामाच्या बाकाला आवळा, आडव्या पट्टीला सांध्यापासून ५० सेंमीवर बादली टांगा आणि लिटर-लिटर पाणी ओतत जा. एक लिटर म्हणजे एक किलो. सांधा सुटला की बादलीसकट वजन खडूनं पट्टीवरच लिहा.

पण आकड्यापेक्षा तुटलेली बाजू मोलाची. कुसवावर लाकडाचे रेषे (तंतू) उपटून आले, तर गोंदानं काम केलं. एका बाजूला चकचकीत पापुद्रा आणि दुसरी बाजू साफ, तर गोंद चिकटलाच नाही. उन्हाळ्यात लावल्या लावल्या त्यावर साय धरते आणि सांधा उशिरा बसतो. दोन्ही बाजू कोरड्या दिसल्या तर कुसू फार घट्ट होतं, आत जाताना गोंद खरवडून बाहेर आला.

वर्धेकर
एवढा खटाटोप कशाला? पांढऱ्या (फेविकॉलसारख्या) गोंदासाठी आयएस ४८३५ हे भारतीय मानक आहे, त्याप्रमाणे तपासलेला माल घ्या.

रंधा_पटाशी
त्या मानकात गोंद तपासला जातो, तुमचं भोक नाही. भोकात अर्धा मिमी सैल बसलेलं कुसू कोणत्याही मानकाचा पांढरा गोंद सांभाळत नाही. पांढरा गोंद पोकळी भरायला नसतोच, वाळताना तो आटतो.

धारणीवाला
रंधाभाऊ, तोडायला माझी ना नाही. पण त्यावरून खुर्ची किती वर्षं टिकेल हे कळत नाही, म्हणून या एकाच चाचणीवर विसंबणं मला चूक वाटतं. पांढरा गोंद उष्णतेनं मऊ पडतो. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली सतत भार राहिला की सांधा तुटत नाही, हळूहळू सरकतो. पाच मिनिटांच्या बादलीत हे दिसायचं नाही.

तुटायला लागलेल्या वजनाचा तिसरा हिस्सा टांगा. पाणी नको, उन्हात आटतं. रेतीची पिशवी घ्या. सांध्यावरून आडवी पेन्सिलची बारीक रेघ मारा आणि आठ दिवस टिनाखाली ठेवा. रेघेचे दोन तुकडे झाले की सांधा सरकला. दुसरा नमुना २४ तास पाण्यात बुडवा आणि ओला असतानाच तोडा. वाळल्यावर तोडाल तर पांढरा गोंद बरीचशी ताकद परत धरतो आणि आपण फसतो. गोठ्याचं दार, आंगणातला बाक अशा कामाला ही ओली चाचणी टाळूच नका.

रंधा_पटाशी
सरकण्याचा मुद्दा पटला. तरी क्रम माझाच ठेवीन. चिकटलेलाच नाही असा सांधा आठ दिवस टांगून काय शिकणार? आधी तोडा, रेषे दिसले तरच टिनाखाली न्या.

आलापल्लीचा_साग
तुम्ही दोघं गोंदावर भांडता, दोष मात्र बरेचदा लाकडात असतो. सागात तेलकट अंश असतो. रंधा मारून महिनाभर पडलेल्या तुकड्यावर तो वर येतो आणि गोंद धरत नाही. त्याच दिवशी रंधा मारून त्याच दिवशी चिकटवा. जमलं नाही तर काचपेपर मारून थिनरच्या कपड्यानं पुसा. दोन्ही तऱ्हेचे नमुने शेजारी ठेवून तोडा, फरक स्वतः बघा.

शिवाय आकार. १०० मिमी रुंद पट्टीचा ओलावा उन्हाळा-पावसाळ्यात सहा टक्क्यांनी बदलला, तर ती रुंदीत साधारण एक मिमी हलते. पायाचे रेषे उभे, तो उंचीत जवळपास हलतच नाही. सगळा ताण गोंदावर. एवढ्या रुंद पट्टीला एक कुसू नको, मधे जागा सोडून दोन काढा. नमुना ४० मिमीचा आणि काम १०० मिमीचं, तर तुमचा आकडा त्या कामाला लागू नाही.

वर्धेकर
मग पाय आणि कुसू यांतून आरपार बांबूची खुंटी मारा, गोंद सुटला तरी सांधा निसटणार नाही.

धारणीवाला
बरोबर, सरकणंही थांबतं. पण ३५ मिमीच्या कुसवात ८ मिमीची खुंटी टोकाकडे मारली तर टोक चिरतं. भोक पायाच्या कडेपासून १२ ते १५ मिमीवर घ्या, कुसवाला मागे २० मिमीच्या आसपास लाकूड उरतं. आणि खुंटीचा सांधा वेगळा तोडा, त्याचा आकडा बिनखुंटीच्या सांध्यांत मिसळू नका.