गोळी मनाने बंद करू नका, ताई

स्तनाच्या कॅन्सरनंतरची लेट्रोझोल गोळी सुरू झाल्यापासून सकाळी बोटं मिटत नाहीत, गोळी सोडावीशी वाटते, असं तुम्ही लिहिलंय. मीही तीच गोळी घेते. ज्वारीचं पीठ मळताना अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ यायची की परातीच्या काठाला हात टेकून थांबावं लागायचं. तरी मनाने गोळी सोडू नका. ती शरीरातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) अगदी कमी करते. त्यानेच कॅन्सर परत येण्याचा धोका कमी होतो आणि सांधेही त्यामुळेच आखडतात.

डॉक्टरांना नुसतं 'जरा दुखतं' म्हणू नका. भाकरी थापता येत नाही, जिना उतरवत नाही, असं नेमकं सांगा. मग ते थोडे आठवडे गोळी थांबवून बघतात, किंवा त्याच प्रकारची दुसरी गोळी, ॲनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन, देऊन बघतात. दुखण्यावर देतात त्या ड्युलोक्सेटिन या औषधाचाही काहींना उपयोग होतो. ड जीवनसत्त्व आणि डेक्सा (हाडांची घनता मोजणाऱ्या) तपासणीचंही विचारा, कारण हाडंही ठिसूळ होतात.

मला सगळ्यात जास्त उतार पडला तो चालण्याने. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा वजनांचा व्यायाम करणाऱ्या बायकांचं दुखणं वर्षभरात सुमारे २९ टक्क्यांनी कमी झालं होतं. पहिले काही दिवस जड जातात, खरंच. आधी कोमट पाण्यात हात बुडवून बोटं मोकळी करा. आपल्या सोलापूरच्या उन्हात उशीर नको, उजाडताच कंबर तलावाकडे या. सोबत हवी असेल तर कळवा, मी येईन.