‘रनवे’ला धावपट्टी आणि ‘एक्झिट’ला निर्गमन?

फोंड्याहून:
मुलाने पणजीत कंपनी काढली आहे, तिचे कागद वाचतो आहे. व्हेंचर कॅपिटलला एके ठिकाणी ‘साहस वित्त’ लिहिलेलं दिसतं, दुसरीकडे ‘जोखीम भांडवल’. नेमकं काय लिहावं? रनवेला ‘धावपट्टी’ आणि एक्झिटला ‘निर्गमन’ असं कुणी सुचवलं, पण वाचून डोक्यात काही शिरत नाही. या धंद्यातल्या कुणी सांगितलं तर बरं.

पर्वरीहून:
मी नव्या कंपन्यांत पैसे लावणाऱ्या अशाच एका फंडात 9 वर्षं काम करतो, दिवसभर याच शब्दांत असतो.

माझा कौल ‘जोखीम भांडवल’ला. धर्मशास्त्रात ‘साहस’ म्हणजे बळजबरीचा गुन्हा, आणि आजही घरातली मोठी माणसं ‘नसतं साहस करू नकोस’ म्हणतात तेव्हा त्यांना अविचारच म्हणायचा असतो. ‘जोखीम’चं तसं नाही. दागिने घालून रात्रीच्या गाडीने निघालेली बाई ‘अंगावर जोखीम आहे’ म्हणते, तेव्हा त्यात धोकाही आला आणि ती मोलाची चीजही आली. आम्ही जो पैसा लावतो तो अगदी असाच असतो.

एक मात्र करा, या पैशाला ‘कर्ज’ म्हणू नका. याला हप्ता नाही, तारण नाही. कंपनीत वाटा मिळतो, बस्स. आपल्या रापणीच्या मासेमारीसारखं: जाळं भरून आलं तर ठरलेला वाटा, रितं आलं तर सगळ्यांचेच हात रिते.

‘गुंतवणूक’ हा शब्द किती खरा आहे ते मला फंडात आल्यावर कळलं. फंडाची मुदत बहुधा 10 वर्षांची. शेअर बाजारात नसलेल्या कंपनीचे शेअर उद्या विकतो म्हटलं तर घेणारा सापडत नाही. पैसा खरोखरच गुंततो. मग गुंतलेल्याची व्हायची ती सोडवणूक! एक्झिटला हा शब्द आपल्या घरातच होता. कंपनी शेअर बाजारात उतरली, दुसऱ्या कुणी ती घेतली, की ‘पैसे सुटले’ असं आपण म्हणतोच. 2018 साली वॉलमार्टने फ्लिपकार्टचा सुमारे 77 टक्के वाटा 16 अब्ज डॉलरना घेतला, तेव्हा कितीतरी जुन्या गुंतवणूकदारांची सोडवणूक झाली. ‘निर्गमन’ म्हटलं की मला रेल्वे फलाट आठवतो.

आता रनवे. गेल्या मे महिन्यात म्हापशाला एका मुलीच्या घरी बसलो होतो. तिची ऑनलाइन विक्रीची कंपनी. आई जमिनीवर वर्तमानपत्र पसरून कोकमाची सोलां निवडत होती. मी मुलीला हिशेब सांगत होतो: खात्यात 1 कोटी 20 लाख, महिन्याचा खर्च 20 लाख, आवक 5 लाख, म्हणजे दर महिन्याला 15 लाख कमी होणार. हे 15 लाख म्हणजे बर्न, आणि खात्यातली रक्कम 8 महिने पुरेल हा रनवे. आई मान वर न करता म्हणाली, “म्हणजे आठ म्हयन्यांचें पुरुमेंत.”

मी त्या दिवसापासून रनवे म्हणणं सोडलं. पुरुमेंत कोकणीत पोर्तुगीजांकडून आलं, पण मराठीत त्याची सख्खी बहीण आहे: बेगमी. पावसाळ्याची बेगमी आपण करतोच. ‘कंपनीकडे 8 महिन्यांची बेगमी आहे’ हे वाक्य कुणाच्याही आजीला कळेल. बर्नला ‘घट’ पुरे. ‘जाळणं’ म्हटलं की पैसे वाया गेले असं वाटतं, आणि ते दर वेळी खरं नसतं.

ज्या शब्दाने मला सर्वांत जास्त त्रास दिला आहे तो मात्र अस्सल मराठीच: उलाढाल. घरगुती राहण्याच्या खोल्या ऑनलाइन लावून देणारा एक मुलगा आला, म्हणाला वर्षाची उलाढाल 4 कोटी. ती पाहुण्यांनी भरलेली एकूण भाडी होती. त्यातले 12 टक्के कंपनीचे, म्हणजे 48 लाख. बाकीचे घरमालकांचे. तो खोटं बोलत नव्हता, शब्दच त्याला फसवत होता. अशा धंद्याला आपल्या बाजारात जुनं नाव आहे: अडत. माल दुसऱ्याचा, गिऱ्हाईक तिसरं, मध्ये अडत्या. एकदा ‘माझी अडत 48 लाख’ म्हटलं की पुढचे सगळे आकडे आपोआप जागेवर बसतात.

मडगावहून:
बेगमी आवडला, पण एक शंका. पाऊस कधी संपणार हे ठाऊक असतं, म्हणून तेवढंच भरून ठेवतो. कंपनीचा पाऊस किती लांबेल हे कुणाला ठाऊक?

पर्वरीहून:
शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर शब्दात नाही, वागण्यात आहे. पुढचे पैसे उभे करायला सहज 6 महिने जातात, म्हणून बेगमी 6 महिन्यांवर यायच्या आधीच दारं ठोठवायला लागायचं. डबा रिकामा झाल्यावर बाजारात जाणाऱ्याला दुकानदार भाव सांगतो. तरी ‘बेगमी’च ठेवा, निदान ती संपते हे तरी त्या शब्दात आहे.

फोंड्याहून:
फार उपयोग झाला. शेवटचं एकच: ‘लिक्विडेशन प्रेफरन्स’?

पर्वरीहून:
प्रेफरन्स शेअरला पाठ्यपुस्तकांत ‘अग्रहक्क भाग’ म्हणतात, तोच धागा धरा: सोडवणुकीतला अग्रहक्क. समजा, 5 कोटी घालून कुणी 20 टक्के वाटा घेतला आणि कंपनी 8 कोटींनाच विकली गेली. वाट्याने त्याचे 1 कोटी 60 लाख होतात. पण अग्रहक्क एकपट असेल तर तो आधी आपले 5 कोटी उचलतो, आणि तुमच्या मुलासकट बाकी सगळ्यांना 3 कोटी उरतात. दुप्पट असेल तर 8च्या 8 त्याचे. त्या कलमात ‘पट’ किती लिहिली आहे, आणि आपले पैसे उचलल्यावर उरलेल्यातही तो वाटा घेणार का, एवढं मुलाला आज रात्रीच विचारा.