क्लॉड कोडची हिस्टरी दोन मशीनवर हवी, पण क्लाउडमधून नको

घोडबंदर_टर्मिनल
ठाण्याला लिनक्स डेस्कटॉप, नेरूळला मॅकबुक. कोड गिटवरून येतो-जातो, अडतं ते क्लॉड कोडच्या (टर्मिनलमधला एआय कोडिंग असिस्टंट) सेशनवर, म्हणजे त्याच्याशी झालेल्या चर्चेवर. डेस्कटॉपवरचं सेशन मॅकवर रिझ्यूम करायचंय, म्हणजे तिथून पुढे चालू. ड्राइव्ह, आयक्लाउड नको. सेशनमध्ये क्लायंटचा कोड असतो. .क्लॉड (त्याचा होममधला लपलेला फोल्डर) मधला प्रोजेक्ट्स फोल्डर पेन ड्राइव्हने नेला तरी रिझ्यूमच्या यादीत काही दिसत नाही. का? आणि कायमची सोय काय?

ऐरोली_रूट
फाइली पोचल्यात, पत्ता जुळत नाहीये. प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरला नाव पडतं ते त्याच्या पूर्ण पाथवरून, स्लॅशच्या जागी हायफन घालून. लिनक्सवर ते ‘-होम-’ने सुरू होतं, मॅकवर ‘-यूझर्स-’ने. त्यामुळे मॅक आपल्या नावाचा फोल्डर शोधतो आणि त्यात काहीच नसतं.

एकदाच न्यायचं असेल तर फोल्डरचं नाव बदला, काम झालं. रोजची ये-जा असेल तर दोन्हीकडे पाथच एक करा. लिनक्सवर रूटमध्ये ‘यूझर्स’ फोल्डर, त्यात मॅकवरच्याच नावाचा फोल्डर, चाउन कमांडने मालकी स्वतःकडे, आणि रेपो (गिटवरचा प्रोजेक्ट) तिथे क्लोन. उलटं करायला जाऊ नका. मॅकवर ‘/होम’ ऑटोमाउंटच्या ताब्यात असतं, तिथे फोल्डर करूच देत नाही. सिमलिंकवरही (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारा शॉर्टकट) विसंबू नका, प्रोग्रामने चालू फोल्डर विचारला की सिस्टिम खरा पाथ सांगते. लिनक्सवर बाइंड माउंट (तोच फोल्डर दुसऱ्या पाथवरही जोडणं) मात्र चालतो.

आणि या सगळ्याच्या आधी दोन्ही मशीनच्या सेटिंग्ज फाइलमध्ये क्लीनअप-पीरियड-डेज ३६५ करा. मूळ आकडा ३० दिवस आहे. त्याहून जुनी सेशन्स क्लॉड सुरू होतानाच काढून टाकतो. सिंक दुतर्फा असलं की एका मशीनवर उडालेलं दुसरीकडूनही उडतं.

पामबीच_सिंक
कायमची सोय म्हणजे सिंकथिंग, क्लाउडशिवाय दोन मशीनमधले फोल्डर थेट जुळवणारा प्रोग्राम. फक्त प्रोजेक्ट्स फोल्डर शेअर करा, अख्खा .क्लॉड नाही. लिनक्सवर लॉगिनचं टोकन त्याच फोल्डरात डॉट-क्रेडेन्शियल्स फाइलमध्ये साध्या मजकुरात पडलेलं असतं (मॅकवर ते कीचेनमध्ये जातं). दोन्हीकडे वेगळं लॉगिन करा, टोकन हलवायची गरजच नाही.

बाहेरच्या सर्व्हरचा संबंध नको म्हणून सिंकथिंगच्या सेटिंग्जमध्ये ग्लोबल डिस्कव्हरी, रिले आणि नॅट ट्रॅव्हर्सल बंद, लोकल डिस्कव्हरी चालू. फाइल व्हर्जनिंग दोन्हीकडे चालू ठेवा. समोरून आलेलं डिलीट निदान परत मिळवता येतं. एकाच वायफायवर असून मशीनं एकमेकांना दिसत नसतील तर राउटरवर गेस्ट नेटवर्क किंवा एपी आयसोलेशन (वायफायवरची उपकरणं एकमेकांपासून वेगळी ठेवणं) चालू आहे का बघा. मग फायरवॉल: टीसीपी आणि यूडीपी २२०००, शिवाय यूडीपी २१०२७.

तुमचं एक टोक ठाण्यात, एक नेरूळला, म्हणजे मॅक ठाण्याला आला तेवढाच सिंक. मधल्या दिवसांतही हवा असेल तर राउटरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला, पोर्ट फॉरवर्डिंगचा खटाटोप फुकट. दोन्हीवर टेलस्केल (आपल्या मशीनपुरतं खासगी नेटवर्क, व्हीपीएन) टाका आणि सिंकथिंगमध्ये समोरच्या डिव्हाइसचा टेलस्केलवरचा पत्ता हाताने भरा. थेट जोडणी झाली नाही तर डेटा त्यांच्या रिलेवरून जातो, पण एन्क्रिप्टेडच. किल्ल्या तुमच्याच मशीनवर राहतात.

तेच सेशन दोन्हीकडे एकदम उघडू नका. सेशन ज्या जेसनएल फाइलमध्ये असतं तिला शेवटी ओळी जोडल्या जातात. दोन्हीकडून जोडल्या की सिंकथिंग एक प्रत ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ नावाने बाजूला ठेवतो आणि तेवढी अर्धी चर्चा तिथे अडकते. इकडचं बंद करा, ‘अप टू डेट’ दिसलं की मगच तिकडचं उघडा.

घोडबंदर_टर्मिनल
पाथ एक केल्यावर यादी दिसली, आभार. टेलस्केल नको असेल तर पेन ड्राइव्ह कितपत सुरक्षित? आणि कर्सरच्या (एआय कोड एडिटर) चॅटचं काय?

कळवा_ग्रेप
पेन ड्राइव्ह चालेल, पण त्यावर उघडी फाइल एकदाही ठेवू नका. फ्लॅशवर डिलीट केलेलं खरंच पुसलं गेलं याची खात्री नसते. टारने फोल्डरची एक फाइल करून ती पाइपने थेट ‘एज’ या एन्क्रिप्शनच्या कमांडला द्या, ‘-पी’ने पासफ्रेज लावा, आणि तयार झालेली एकच फाइल कॉपी करा. टारमुळे एक्सफॅटवर परमिशन उडण्याचा प्रश्नही मिटतो.

नेण्याआधी कुठे गुप्त की पडलीय का ते बघायला फोल्डरात ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) मारा: ‘एकेआयए’, ‘जीएचपी’ आणि पुढे अंडरस्कोर, ‘प्रायव्हेट की’ (तिन्ही इंग्रजी कॅपिटल-स्मॉल बघून). असिस्टंटने एनव्ही फाइल (पासवर्ड, की ठेवायची) वाचली असेल तर तिचा मजकूर सेशनमध्ये जसाच्या तसा असतो. की सापडली तर ती आधी रद्द करून नवी घ्या, मग फाइलमध्ये तेवढीच अक्षरं बदला. अख्खी ओळ काढू नका, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या आयडीला बांधलेली असते आणि साखळी तुटते.

क्लायंटची काळजी असेल तर हेही ध्यानात असू द्या की रिझ्यूम करून पुढचा प्रश्न विचारला की जुना संदर्भ पुन्हा क्लॉडच्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो. वाहतूक खासगी झाली, वापर नाही. करारात काय लिहिलंय ते बघा.

कर्सरचं प्रकरण वेगळं. त्याची चॅट स्टेट नावाच्या एसक्यूलाइट डेटाबेसात असते आणि तिला सिंकथिंग लावणं म्हणजे डेटाबेस बिघडवायला निमंत्रण. कर्सर पूर्ण बंद करा, ‘वॉल’ शेपटीची फाइल शेजारी असेल तर तीही सोबत घ्या, आणि एकाच दिशेने कॉपी. तिकडे आधीची चॅट असेल तर ती पुसली जाईल. दोन डेटाबेस आपोआप एकत्र होत नाहीत.