लेकीला गोष्टीचा शेवट सांगू का बदलू?

चिमूरचा_बाप
हरभऱ्यात रानडुकरं घुसून राहिली, म्हणून रात्री जागलीला जावं लागते. निघायच्या आधी शेकोटीपाशी सहावीतल्या पोरीला विल्सन रॉल्सची 'व्हेअर द रेड फर्न ग्रोज' ही 1961 ची कादंबरी आपल्या बोलीत सांगतो. ओक्लाहोमाच्या ओझार्क डोंगरातला बिली दोन वर्षं पैसा-पैसा जोडून 50 डॉलर जमवतो आणि शिकारी कुत्र्यांची जोडी आणतो. ओल्ड डॅन दांडगा, लिटल अ‍ॅन डोक्यानं चालणारी. हे कुत्रे ज्याची शिकार करतात तो रॅकून पोरीनं मोबाइलवर पाहिला. "हा तर उदमांजराचा भाऊ!" म्हणाली.

आता रॅकून-शिकारीच्या शर्यतीचा सोन्याचा कप जिंकून झाला. पुढं डोंगरी सिंह येतो, डॅनचं पोट फाडतो, आणि डॅन मेल्यावर अ‍ॅन अन्नाला तोंड लावत नाही, त्याच्या कबरीवरच जीव सोडते. आमचा मोत्या मागच्या पावसाळ्यात बिबट्यानं आंगणातून नेला. सकाळी कुंपणापाशी नुसता पट्टा सापडला. बायको म्हणते, दोन्ही कुत्रे जिते ठेवा, कोणाला कळते? काय करू?

आर्वीचा_मास्तर
बदलू नका. मी वर्गात सांगतो ही गोष्ट. पोट्टे रडतात, पण डॅन-अ‍ॅनपेक्षा त्यांना रुबिन नावाच्या पोराचं मरण जास्त लागते. बिलीचीच कुऱ्हाड घेऊन कुत्र्यांवर धावतो, अडखळतो अन् तिच्यावरच पडतो. तो भाग तुम्ही सांगून बसले असाल, तर पोरगी अर्धी तयार आहे समजा.

आणि गंमत पाहा, रॉल्सनं लग्नाआधी आपलं सगळं लिखाण जाळून टाकलं होतं. बायकोनं पाठीस लागून ही गोष्ट पुन्हा लिहायला लावली. तुमच्या घरी उलटं चाललं आहे.

तुरीच्या_धुऱ्यावरून
माझा आक्षेप मरणाला नाही, शिकारीला आहे. आमच्याकडं पोट्टे सशामागं कुत्रे सोडतात. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे, हे त्यांना कोण सांगणार? वरून असली गोष्ट ऐकवायची!

आर्वीचा_मास्तर
मग त्याच गोष्टीतला, कोणाच्याच हाती न लागणारा भुताळी रॅकून आठवा ना बाप्पा. कुत्र्यांनी तो कोंडला, पण बिलीला मारवला नाही. रुबिनशी भांडण तिथूनच पेटलं. माझ्या वर्गात यावर मोठी गरमागरमी होते, अर्धे बिलीच्या बाजूनं, अर्धे "एवढी मेहनत फुकट घालवली" म्हणणारे.

चिमूरचा_बाप
मास्तर, बुजगावण्याचा भाग पोरीनं दोनदा सांगायला लावला. बिली जेवायला घरी जाईपर्यंत रॅकून झाडावरून उतरू नये म्हणून आजोबा झाडाखाली बुजगावणं उभं करतात, तो. "आपण डुकरांसाठी करू," म्हणून माझा जुना सदरा मागून नेला. डुक्कर त्याला काय भेणार! पण केलं उभं.

रविवारी शेवट सांगतो, आहे तसाच. मोत्याचा विषय तिनं काढला तर तोही बोलू. बायकोलाही सोबत बसवतो, कारण जागलीवरून आल्यावर "पुढं काय झालं?" असं पहिले तीच विचारते.