मदत हवी आहे: एमएमए करारातले ‘१२ अँड १२’ म्हणजे हातात नेमके किती?

धागाकर्ता

यूएफसीमध्ये (एमएमए म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणारी अमेरिकी कंपनी) पहिल्यांदाच उतरणाऱ्या, अमेरिकेबाहेर राहणाऱ्या एका फायटरच्या कराराचा हिशेब सहीच्या आधी मांडायचा आहे. चार लढतींचा करार, रक्कम ‘१२ अँड १२’. घरचे लोक चार गुणिले चोवीस, म्हणजे ९६,००० डॉलर धरून बसले आहेत. हे बरोबर आहे का? मॅनेजर, कोच, कर जाऊन किती उरते? बोनस धरायचा का? आणि करारात कुठली कलमे आधी वाचावीत? लढत अमेरिकेत आहे.

तिसरी_फेरी

९६,००० आधी खोडा. ‘१२ अँड १२’ म्हणजे १२,००० शो मनी आणि १२,००० विन बोनस. शो मनी गटाचे वजन भरून जाळीत (लढतीच्या पिंजऱ्यात) उतरल्याबद्दल मिळते. विन बोनस फक्त जिंकल्यावर. हरलात, बरोबरी झाली किंवा ‘नो कॉन्टेस्ट’ झाला (लढत निकालाविना रद्द ठरली) तर १२,००० वर थांबायचे. म्हणजे अर्धी कमाई तीन पंचांच्या गुणपत्रिकांवर टांगलेली असते. एका फेरीचा निकाल एका पंचाने उलटा दिला की १२,००० डॉलर गेले, आणि त्यावर दाद मागायची सोय जवळजवळ नाहीच.

‘चार लढतींचा करार’ हे शब्दही नीट वाचा. फायटर चार लढतींपुरता बांधला जातो, पण प्रमोशन (लढती भरवणारी कंपनी, इथे यूएफसी) बांधले जाईलच असे नाही. हरल्यावर करार संपवण्याचा अधिकार प्रमोशनकडे असतो. पहिलीच लढत हरून बाहेर पडलेल्यासाठी तो करार एका लढतीचाच ठरतो. उलट जिंकत गेलात तर साधारणपणे पायरी चढते: १२ चे १४, मग १६. हरल्यावर पायरी तिथेच राहते. ही वाढ करारात लेखी असते, ती पाहून घ्या.

जाळीबाहेर

एका लढतीचा ताळेबंद मांडतो, चित्र लगेच दिसेल.

शो आणि विनखेरीज वेशभूषेच्या नियमांपोटी वेगळी रक्कम मिळते. २०२१ मध्ये व्हेनम या कपड्यांच्या कंपनीचा करार आला तेव्हा पहिल्या तीन लढतींसाठी ती ४,००० डॉलर ठरली, चौथ्या-पाचव्या लढतीला ४,५००, आणि चॅम्पियनला ४२,०००. बदल्यात लढतीच्या आठवड्यात आणि जाळीत स्वतःचे प्रायोजक लावता येत नाहीत.

जिंकल्यास: १२ + १२ + ४ = २८,०००. मॅनेजर १५ टक्के धरा (१० ते २० चालते), पर्सवर (शो आणि विनची बेरीज) म्हणजे २४,००० वर: ३,६००. कोच आणि जिम १० टक्के: २,४००. परदेशी रहिवाशाच्या अमेरिकेतल्या कमाईतून सर्वसाधारणपणे ३० टक्के कर आधीच कापला जातो, तोही खर्च वजा न करता, एकूण रकमेवर: ८,४००. उरले १३,६००.

हरल्यास: १२ + ४ = १६,०००. मॅनेजर १,८००, कोच १,२००, कर ४,८००. उरले ८,२००.

यातून अजून आठ-दहा आठवड्यांच्या सराव-कॅम्पचा खर्च काढायचा आहे: स्पारिंग पार्टनर, आहार, फिजिओ, रक्ताच्या आणि डोळ्यांच्या तपासण्या, लायसन्स, व्हिसा. प्रमोशन सहसा फायटर आणि एका कॉर्नरचे (लढतीत जाळीबाहेरून मदत करणाऱ्याचे) तिकीट नि हॉटेल देते. दुसरा-तिसरा कॉर्नर न्यायचा तर खिशातून. वर्षात दोन लढती झाल्या तर हाच आकडा दोनदा, दुखापत झाली तर एकदाही नाही. घरच्यांना हा कागद दाखवा.

एक सुटका आहे. कापलेला कर म्हणजे अंतिम कर नव्हे. अमेरिकेत विवरणपत्र भरले तर खर्च वजा होतात आणि जादा कापलेले परत मिळू शकते. शिवाय ‘सेंट्रल विथहोल्डिंग ॲग्रीमेंट’ नावाची सोय आहे, ज्यात अंदाजे निव्वळ उत्पन्नावर कपात ठरवून घेता येते. पण अर्ज लढतीच्या किमान ४५ दिवस आधी करावा लागतो. कमी वेळात बोलावणे आले की ही संधी हुकते, आणि नवख्यांना बोलावणे बऱ्याचदा तसेच येते. त्यासाठी लागणाऱ्या अमेरिकी करक्रमांकाचे काम म्हणून आजच सुरू करा.

धागाकर्ता

हिशेब उतरवून घेतला. दोन शंका. बोनस धरायचा का? आणि वजन चुकले, किंवा समोरचाच चुकला, तर?

तिसरी_फेरी

बोनस हिशेबात शून्य. २०१४ पासून बरीच वर्षे रिवाज असा होता: रात्रीच्या सर्वोत्तम लढतीतल्या दोघांना प्रत्येकी ५०,००० आणि उत्तम कामगिरीचे आणखी दोन. बारा लढतींच्या रात्रीत चोवीस फायटर आणि चार बोनस. देणे प्रमोशनच्या मर्जीवर. वजन चुकवलेला तर त्यातून बादच.

आता वजन. साध्या लढतीत एक पौंडाची सूट असते, लाइटवेट गटात १५५ पौंडांऐवजी १५६ चालते. किताबी लढतीत १५५ म्हणजे १५५. टॉवेल आडवा धरून कपडे उतरवले तरी काटा १५६.५ वर थांबला, तर दंड सहसा पर्सच्या २० ते ३० टक्के. १२,००० च्या २० टक्के म्हणजे २,४००. तो बहुतेक वेळा प्रतिस्पर्ध्याला जातो, काही राज्यांत कमिशनही (लढतींवर देखरेख करणारी राज्याची संस्था) वाटा घेते. टक्केवारी फक्त शो मनीवर की विन बोनसवरही, हे सही करण्याआधी विचारा.

समोरचा चुकला तर लढायचे की नाही हे तुमच्या हातात असते. तो काट्याजवळचा तासभर फार मोलाचा आहे. मॅनेजरने तिथेच टक्केवारी आणि नवे वजन कागदावर घ्यावे. तोंडी ‘बघून घेऊ’ नको. लढत रद्द झाली तर वजन भरलेल्याला शो मनी पुष्कळदा देतात. करारात तसे लिहिले नसेल तर ती मेहेरबानी ठरते, म्हणून आधीच लिहून मागा.

कागद_आधी

कलमांबद्दल लिहितो, कारण पैसा तिथेच अडतो.

दोन वेगळे कागद असतात. प्रमोशनल करार दीर्घ मुदतीचा. बाउट ॲग्रीमेंट त्या एका लढतीचे, आणि तेच कमिशनकडे जाते. दोन्हींतले आकडे जुळतात का ते पाहा. कमिशनने जाहीर केलेल्या पर्समध्ये सहसा शो आणि विनच दिसते. खासगीत दिलेला चेक त्यात येत नाही, आणि पे-पर-व्ह्यूचा (पैसे भरून पाहायच्या प्रक्षेपणाचा) वाटाही येत नसे. यूएफसीने २०२६ मध्ये अमेरिकेत पे-पर-व्ह्यू बंद करण्याआधीही तो वाटा मुख्यतः चॅम्पियन आणि मोठ्या नावांनाच मिळायचा, ‘१२ अँड १२’ वाल्याला नाही.

मुदतवाढ शोधा. दुखापत, निलंबन, लढत नाकारणे, निवृत्ती, या प्रत्येकाने घड्याळ थांबते आणि करार लांबतो. करार संपल्यावरही काही काळ फक्त त्यांच्याशीच बोलणी करायची, आणि त्यानंतर बाहेरून आलेल्या प्रस्तावाशी बरोबरी करण्याचा हक्क त्यांचा. या काळात दुसरे प्रमोशन सहसा बोलीच लावत नाही, म्हणून भाव वाढत नाही. किताब जिंकला तर चॅम्पियन कलमाने करार आणखी ताणला जातो.

बॉक्सिंगमध्ये २००० च्या मोहम्मद अली कायद्याने प्रवर्तकाला लढतीतून आपण किती कमावतो हे बॉक्सरला सांगावे लागते. एमएमएला तो कायदा लागू नाही. फायटरनी २०१४ मध्ये यूएफसीवर मक्तेदारीविरोधी दावा लावला, तडजोडीचा पहिला आकडा न्यायाधीशांनी २०२४ मध्ये नाकारला, आणि शेवटी ३७.५ कोटी डॉलरवर तो मिटला. पण ती भरपाई २०१० ते २०१७ दरम्यान लढलेल्यांसाठी आहे. आज सही करणाऱ्याच्या करारातले कलम त्याने आपोआप बदलत नाही.

विम्याचेही विचारा. २०११ पासून यूएफसी सरावातल्या दुखापतीसाठी विमा देते. पण फायटर स्वतंत्र कंत्राटदार आहे, नोकर नाही. त्यामुळे पगारी रजा, पेन्शन, कुटुंबाचा आरोग्यविमा यांतले काही गृहीत धरू नका. वजावट (विम्याआधी स्वतः भरायची रक्कम) किती आणि जुनी दुखापत धरतात का, हे लेखी घ्या.

धागाकर्ता

मॅनेजरचे १५ टक्के वेशभूषेच्या ४,००० वरही मागितले आहेत. रीत आहे का?

कागद_आधी

मागतात, पण ती रक्कम मॅनेजरने ठरवून आणलेली नाही, सगळ्यांना तक्त्याप्रमाणे मिळते. ‘फक्त शो आणि विनवर’ असे शब्द टाकून घ्या. लढतीमागे ६०० डॉलर वाचतात. आणि टक्केवारी कर कापल्यावरच्या रकमेवर मागा. नाही म्हणाले तर निदान १५ चे १० करून पाहा.