मायला शेक ३ आठवडे की १ आठवडा? डॉक्टर स्टडीत घेऊ म्हणतात, सही करू का

चोपड्याची_लेक

नमस्कार सगळ्यांना. माझी माय ५६ वर्षांची, डाव्या बाजूला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालंय (स्तन ठेवलाय, फक्त गाठ आणि काखेतल्या गाठी काढल्या), केमो पण संपला, आता शेक (म्हणजे रेडिएशन) द्यायचे राहिले. मुंबईला दाखवतो आम्ही, हॉस्पिटलचं नाव इथं लिहीत नाही.

मागच्या व्हिजिटला डॉक्टर बोलले की सध्या त्यांच्याकडे एक स्टडी चालू आहे. अर्ध्या पेशंटना ३ आठवड्यात १५ शेक, अर्ध्यांना एकाच आठवड्यात ५, आणि कोणाला काय मिळेल ते कॉम्प्युटर ठरवतो, डॉक्टर नाही. घरी येऊन सांगितलं तर काका भडकलेच, म्हणे गरीब बघून प्रयोग करून राहिले, ५ शेकात कुठं कॅन्सर जातो का, गल्लीतल्या नानांना घशाला ३५ दिले होते. आणि खरं सांगू तर मलाही तेच वाटून राहिलं, की ५ मिळाले तर मायची ट्रीटमेंट अर्धवट राहील. पण १ आठवड्यात झालं तर भावाला केळीची कापणी सोडून मुंबईत बसावं लागणार नाही हे पण डोक्यात येतं, आणि असा विचार केला की मलाच वाईट वाटतं.

माय दुसरी शिकलेली आहे, अक्षरं लावून वाचते. फॉर्म बराच जाड आहे. कोणाला यातलं माहीत असेल तर प्लीज सांगा.

धुळे_आरटी

ताई, मी रेडिएशन टेक्नॉलॉजिस्ट आहे, मूळचा धुळ्याचा, रोज मशीनवर हेच काम. आधी एक गोष्ट मनातून काढा, शेक कमी म्हणजे ट्रीटमेंट कमी असं नसतं. शेक मोजायचा तो ग्रे मध्ये, ते रेडिएशनच्या डोसचं माप. आधी स्तनाला ५ आठवड्यात २५ शेक द्यायचे, रोज २ ग्रे, एकूण ५० ग्रे. १५ शेकात रोज साधारण २.६७ ग्रे जातो, एकूण ४०. ५ वाल्यात रोज ५.२ ग्रे, एकूण २६. एकूण आकडा कमी दिसतो पण रोजचा डोस मोठा झाला की त्याचा पेशींवर मारा पण वाढतो, म्हणून सरळ बेरीज करून तुलना करता येत नाही.

थोडा थोडा का द्यायचे, तर मधल्या वेळात चांगल्या पेशी स्वतःला दुरुस्त करतात, कॅन्सरच्या पेशींना ते तेवढं जमत नाही. पण स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी या बाबतीत चांगल्या पेशींच्या बऱ्याच जवळ आहेत असं दिसलं, मग खूप बारीक तुकडे करून फायदा काय. कॅनडात १२३४ बायकांवर ट्रायल झाली, १६ शेक विरुद्ध २५. १० वर्षांनी त्याच स्तनात आजार परत येण्याचं प्रमाण ६.२ आणि ६.७ टक्के, म्हणजे सारखंच. इंग्लंडच्या स्टार्ट-बी ट्रायलमध्ये २२१५ बायका होत्या, तिथं १५ शेकवाल्यांना स्तन आक्रसणं, सूज हे त्रास उलट कमी दिसले. त्याचे १० वर्षांचे रिझल्ट २०१३ ला आले.

मग ५ शेकांची फास्ट-फॉरवर्ड ट्रायल, ती पण इंग्लंडकडची, ९७ हॉस्पिटलं, ४०९६ पेशंट, रिझल्ट २०२० ला. तीन गट होते, १५ शेकात ४० ग्रे, ५ शेकात २७, आणि ५ शेकात २६. पाच वर्षांनी आजार परत आला तो २.१, १.७ आणि १.४ टक्क्यांना. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं, २७ ग्रेवाल्यांना साईड इफेक्ट जास्त दिसले आणि २६ वाल्यांना जवळपास १५ शेकवाल्यांसारखेच. फक्त १ ग्रेचा फरक! इतकं काटेकोर मोजून हे ठरतं, म्हणून कोणी अंदाजाने शेक कमी करतंय असं समजू नका.

आता तुम्ही काय विचारायचं ते सांगतो. फास्ट-फॉरवर्डचा मुख्य भाग स्तन आणि छातीपुरता होता. मायच्या काखेत आजार निघाला असेल तर गळ्याच्या हाडामागे पण शेक देणार का विचारा, कारण तिथून हाताच्या नसा जातात आणि त्या भागासाठी अजून पुरावा गोळा होतोय. डावी बाजू आहे तर हृदयाला किती डोस जाणार, श्वास रोखून शेक देणार का, हे पण विचारा.

पारोळा७७

मी तुमच्या जागी असतो तर स्टडीत गेलोच नसतो. १५ शेक सिद्ध झालेले आहेत ना, मग ते सरळ घ्यायचे, कॉम्प्युटरच्या भरवशावर माय कशाला सोडायची? माझ्या मामांना एका ठिकाणी कशावर सही घेतली ते शेवटपर्यंत कोणी नीट सांगितलं नाही, तेव्हापासून मनात बसलंय. आणि काका म्हणतात ते काही येडपटपणाचं नाही भो. आपल्याकडे ट्रायलच्या नावाने गैरप्रकार झाले म्हणूनच २०१३ ला सुप्रीम कोर्टाला लक्ष घालावं लागलं होतं.

भुसावळकर_अनिल

पारोळा भाऊ, तुमच्या मामांचं झालं ते चुकीचंच, पण त्यावरून सगळ्या स्टडी वाईट असं नाही ना. माझे बाबा तोंडाच्या कॅन्सरच्या एका स्टडीत होते. तंबाखू आयुष्यभर, गालाची जखम भरेना, ऑपरेशन करून मग ६ आठवडे शेक आणि सोबत केमो. फॉर्म मराठीत होता, डॉक्टरीण बाईंनी माझ्यासमोर बसून सगळा वाचून दाखवला, घरी न्या विचार करा म्हणाल्या, आणि नाही म्हटलं तरी ट्रीटमेंट तीच मिळेल हे दोनदा सांगितलं. जिथं सही करायची घाई करतील तिथं मी पण नाहीच म्हणेन.

आणि ताई, नानांच्या ३५ शी मायचे ५ लावू नका. तोंड-घशाच्या कॅन्सरच्या पेशी ट्रीटमेंट चालू असताना भराभर वाढतात, तिथं ६-७ आठवडे लागतात आणि मधे खाडा चालत नाही. आमचे बाबा पोळ्याला घरी जायचं म्हणून हट्ट धरून बसले होते तर टेक्निशियन लोकांनी चक्क दम दिला, सुट्टी पडली तर त्या आठवड्यात जादा शेक देऊन भरून काढतात ते लोक. तिखट बंद, शेवभाजी बंद, नुसती पातळ खिचडी आणि दूध, तोंड पूर्ण सोललेलं. खूप वाईट दिवस होते ते.

सोबतचा केमो दर आठवड्याला थोडा द्यावा की ३ आठवड्यांनी मोठा, यावर पण टाटामध्ये ३०० पेशंटची ट्रायल झाली, २०१८ ला छापून आली. २ वर्षांनी आजार ताब्यात होता ते ५८.५ टक्के आठवड्यावाले आणि ७३.१ टक्के ३ आठवड्यावाले. ३ आठवड्यावाल्यांना त्रास जास्त झाला पण आजार जास्त रोखला गेला. म्हणजे त्रास कमी ते चांगलंच असं पण नसतं, मोजल्याशिवाय कळत नाही.

नंदुरबार_आशाताई

मी गावात आशा आहे. आमच्याकडे गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या बाया फार उशिरा येतात, लाजेने अंगावर काढतात, येतात तेव्हा तिसरी स्टेज. अशाच तिसऱ्या स्टेजच्या (३ बी) ८५० बायांवर टाटामध्ये स्टडी झाली, अर्ध्यांना नुसते शेक, अर्ध्यांना शेक आणि दर आठवड्याला सिस्प्लाटिन (केमोचं औषध). २००३ ते २०११ पर्यंत बाया घेतल्या, रिझल्ट २०१८ ला. ५ वर्षांनी जिवंत होत्या ४६ टक्के आणि ५४ टक्के. आठ टक्के म्हणजे शंभरात आठ आया घरी राहिल्या हो. ती माहिती काही परदेशातून आली नाही, आपल्यासारख्याच बायांनी सही केली अंगठा लावला म्हणून मिळाली. मी ज्या बाईला घेऊन जाते तिला आज त्याचा उपयोग होतो, म्हणून मला स्टडी म्हटलं की लगेच वाईट वाटत नाही.

पण हक्क माहीत पाहिजेत. सीटीआरआय नंबर विचारा, ती अशा स्टडींची सरकारी नोंद आहे, कोणालाही ऑनलाईन बघता येते. एथिक्स कमिटीची परवानगी विचारा. वाचता येत नसेल तर हॉस्पिटलशी संबंध नसलेला साक्षीदार बसवून वाचून दाखवावं लागतं. मधेच बाहेर पडता येतं, कारण द्यायची पण गरज नाही. आणि स्टडीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई, हे आयसीएमआरच्या (सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) २०१७ च्या नियमात आहे, फॉर्ममध्ये ते पान शोधाच. आणि मायला विचारलं का ताई? काका बोलले, तुम्ही बोलल्या, भावाचं आलं. तिचं काय म्हणणं आहे?

चोपड्याची_लेक

सगळ्यांचे खूप आभार. आशाताई, रात्री मायजवळ बसून फॉर्म वाचला, जिथं अडलं तिथं धुळे दादांचं लिहिलेलं दाखवलं. तिने एकच विचारलं, नाही म्हटलं तर डॉक्टर रागावतील का. मी नाही म्हटलं. मग म्हणे ५ आले तर ५, १५ आले तर १५, पण माझ्या हाताला काही होणार नाही ना ते विचार, मला कापूस वेचायला हात लागतो.

मग मी स्टडीच्या फोन नंबरवर विचारलं. काखेत आजार निघाला होता म्हणून गळ्याच्या हाडामागे पण देणार आहेत, दोन्ही गटात. याच भागाचं बघायला स्टडी आहे, हाताची सूज आणि नसा दर व्हिजिटला तपासणार, बरीच वर्षं. श्वास रोखून देतात म्हणे, आधी प्रॅक्टिस करून घेतात. सीटीआरआय नंबर पण दिला, काकांना मोबाईलवर काढून दाखवला तर गप्प बसले, पण पटलंय असं वाटत नाही.

पारोळा भाऊ, तुमचं पण खरं आहे, स्टडी नको म्हटलं तर १५ देतो असं ते पण बोलले. अजून सही केली नाही, व्हिजिटला माय स्वतः हाताचं विचारणार आहे मग ठरवू.

धुळे_आरटी

बरोबर करताय, तिलाच विचारू द्या. आत्तापासून खांद्याचे व्यायाम चालू ठेवा, मशीनवर हात डोक्याच्या वर धरून झोपावं लागतं, खांदा आखडला असेल तर सीटी सिम्युलेशनलाच (शेकाआधी जागा ठरवायचा स्कॅन) अडतं. अंगावर खुणा करतील त्या घासून पुसायच्या नाहीत. कपडे सुती आणि सैल, आणि शेकाच्या जागी हळद, बाम, घरचा कुठलाही लेप लावायचा नाही, शेजारीण सांगेल तरी नाही. त्वचा काळी पडेल, ५ वाल्यात ते शेक संपल्यावर पण दिसू शकतं, घाबरायचं नाही पण कळवायचं.

रेल्वेचा कॅन्सर सवलतीचा फॉर्म हॉस्पिटलकडून भरून घ्या, पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसी पूर्ण माफ, सोबतच्याला ७५ टक्के. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, हॉस्पिटलच्या सोशल वर्करकडून चिठ्ठी घ्या, १५ आले तर लागेलच. रेशन कार्ड आणि जन आरोग्य योजनेचे कागद ओरिजिनल सोबत ठेवा.