गोवळकोंड्याच्या जमशीदच्या कबरीवर लेख का नाही?

मुलूखगिरी (कोथरूड):
मागील महिन्यात गोवळकोंडा किल्ल्याजवळच्या इब्राहिम बागेतील कुतुबशाही मकबरे पाहिले. संस्थापक सुलतान कुली याच्या कबरीच्या काळ्या, घोटीव दगडावर नस्ख व तौक या अरबी लिपीशैलींतील लेखांचे तीन पट्टे असून, त्यांत त्याचा उल्लेख लोकांच्या तोंडी रुळलेल्या ‘बडे मलिक’ या नावाने येतो. शेजारीच मुलगा जमशीद याचा दुमजली, अष्टकोनी मकबरा आहे. त्याच्या कबरीवर मात्र एक अक्षरही नाही. बापाच्या हत्येमागे जमशीदचाच हात होता असे बखरकार सांगतात. त्या पापाची ही शिक्षा समजावी का?

शिलालेखी (सदाशिव पेठ):
तर्क चटकदार आहे, पण टिकत नाही. सुलतान कुली १५४३ मध्ये मारला गेला आणि जमशीद १५५० मध्ये वारला. त्यानंतर गादीवर बसवलेला त्याचा लहान मुलगा सुभान काही महिनेच टिकला आणि त्याच्याही कबरीवर लेख नाही. त्या पोराने कोणाचे काय बिघडवले होते? सुभानला दूर सारून आलेला इब्राहिम हा जमशीदचा धाकटा भाऊ. जमशीदच्या भीतीने त्याने विजयनगरात रामरायाच्या आश्रयाला सात वर्षे काढली होती. अशा भावाची थोरवी दगडात कोरवून घेण्याची त्याला निकड वाटली नसावी, एवढेच मी म्हणेन.

पाथरवट (कसबा):
दगडाचाही विचार करावा. हैदराबादचा स्थानिक दगड ग्रॅनाइट आहे. राजकबरींसाठी वापरलेला बसाल्ट मात्र आपल्या पुण्याच्या काळ्या पाषाणाच्या जातीचा आहे, आणि जमशीदच्या वाट्याला तोही आला नाही. लेख असलेल्या राजकबरींवरील अक्षरे आत खोदलेली नाहीत. भोवतालचा दगड काढून ती उठावाने ठेवलेली आहेत, त्यामुळे छिन्नी एकदा घसरली की ओळच गेली. असे काम मागे उभा राहणारा वारस असल्यावाचून होत नाही.

मुलूखगिरी:
पटले. मग शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा याची कबर तेथे का आढळली नाही?

शिलालेखी:
१६८७ मध्ये औरंगजेबाने गोवळकोंडा घेतल्यावर त्याला दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. तो तेथेच वारला आणि खुलताबादेत पुरला गेला. आपल्याला हैदराबादपेक्षा ते पुष्कळ जवळ पडते.